आमच्या गणपतीचा डावा डोळा

काल सकाळी मोठ्या काकांनी भिंत घासायले माणूस बोलावला. मले न सांगता. मी तेलीबांध्याच्या सासरहून स्कूटीनं आईच्या घरी पोचली तर त्यानं चढायची घोडी लावून काम सुरूही केलं होतं, अन् खुरपीचा पहिलाच ओरखडा नेमका भिंतीवर काढलेल्या गणपतीच्या डाव्या डोळ्यावरून गेला होता. डोळा साफ. बाकी गणपती जागच्या जागी, सोंड, मोदक, उंदीर सगळं. उजव्या डोळ्यानं माझ्याकडं पाहून राहिला होता.

मी म्हटलं, "भैया, नीचे उतरो."

"अंकल ने बोला है पूरा साफ करना है, दीदी. पुट्टी लगेगी."

"अंकल को मैं बोलती हूँ. आप उतरो."

तो उतरला, तेवढ्यात काका पण वरून उतरले. ते अन् मोठी काकू वरच्या मजल्यावर राहतात, खालच्या दोन खोल्या आमच्या. म्हणजे आईच्या. आई उन्हाळ्यात गेली तेव्हापासून कुलूप आहे.

"खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत," काका म्हणाले. "तुझं लग्न होऊन किती दिवस झाले, अजून भिंतीवर तुझं नाव. लोक हसतात. अन् आता तर डोळाही गेला. फुटक्या डोळ्याचा गणपती कोणी दारावर ठेवते काय?"

"डोळा तुमच्या माणसानं फोडला."

"फुटला तर फुटला. म्हणून तर म्हणतो, पुसून टाकू."

मी नाही म्हटलं. विचार करते वगैरे नाही, सरळ नाही. अन् हे काहून म्हटलं ते इथं लिहून राहिली, कारण तेरवीले माझ्या आईबद्दल जे जे बोलल्या गेलं ते ऐकून माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. सगळ्यांचं एकच. पोरीसाठी झिजली बिचारी. बिचारी म्हणे. अहो, माझी आई झिजली नाही, तिचे ब्रश झिजले. ती पेंटर होती. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, अन् सगळ्यात जास्त लग्नाच्या भिंती.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं रायपुरात घरी लग्न निघालं की समोरच्या भिंतीवर ते लिहितात. दाराच्या एका बाजूले गणपती, दुसऱ्या बाजूले शुभ विवाह, नवरा-नवरीचं नाव, कलश, केळीचे खांब. अन् लग्न झाल्यावर ते पुसत नाहीत. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत, नाहीतर आपोआप उडेपर्यंत तसंच राहते. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, फिरलं तर कोणाच्या घरी कोणाचं लग्न झालं हे भिंतीच सांगायच्या. आता बरेच लोक फ्लेक्स लावतात, ते वाऱ्यानं फाटते अन् गाय खाते.

आई आधी ओल्या फडक्यानं भिंत पुसायची, कारण सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसलेली असायची, तिच्यावर रंग धरत नाही. मग निळीत भिजवलेला दोरा. एक टोक ती धरायची, दुसरं मी. ताणायचं अन् मधून फटकन सोडायचं, भिंतीवर सरळ निळी रेघ. शाळा सुटली की मी तिथंच, कोणाच्याही अंगणात. ती घोडीवरून पाढे म्हणायले लावायची. मी चुकली की वरून ब्रश झटकायची, गुलाबी शिंतोडे. माझे सगळे युनिफॉर्म तसेच होते. शाळेतल्या बाईंनी तक्रार केली तर आई स्वतः गेली, म्हणाली, "रंग आहे मॅडम, घाण नाही."

मी सहावीत असताना बाबा गेले. सिलतऱ्याले नोकरीले होते, छातीचं दुखणं झालं, लवकर गेले. आईनं थोड्याच दिवसात परत घोडी काढली. अन् टिकली लावली. काकू म्हणाली, आता टिकली काहून? तर आई म्हणाली, "बिनाटिकलीचा चेहरा मले अर्धवट चित्र वाटते. अर्धवट काम मी देत नाही."

पण लोकांनी तिच्याकडून अर्धवटच काम मागितलं. पहिल्याच लग्नाले एक गल्ली सोडून राहणाऱ्या आंटी आल्या. खूप गोड बोलल्या.

"दीदी, बना तो आप ही दो, आपके जैसा हाथ किसका है. बस आँखें मत बनाना. आँखें हमारी कोई सुहागन बना देगी. बुरा मत मानना."

आई म्हणाली, "हव." एवढंच. त्या गेल्यावर मले वाटलं आई रडेल, तर तिनं भजे तळले.

तर तिनं सगळा गणपती काढला, डोळ्यांची जागा कोरी सोडली. त्या जागी त्यांच्या वहिनीनं डोळे काढले. वहिनीनं जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. गणपती तिरळा झाला. एक डोळा नवरीच्या नावाकडं, एक नालीकडं. पण बातमी पसरली की असं चालते, तर त्या हंगामात सगळ्यांनी तेच केलं, अन् आमचा अख्खा पारा तिरळ्या गणपत्यांनी भरला. एक तर इतका वर पाहायचा की आई म्हणायची, "याले पाण्याच्या टाकीचं टेन्शन आहे."

मग त्याच आंटी परत आल्या. वरात यायची होती, फोटो निघणार होते.

"दीदी, ज़रा ठीक कर दो ना, चुपचाप से."

"मैं कैसे करूँ, दीदी. मेरा हाथ तो आँख पे चलता नहीं."

त्यानंतर तिनं नियमच केला. गणपती पाहिजे तर डोळ्यांसकट, माझ्याच हातचे. नाहीतर फ्लेक्स लावा. लग्नाचं काम कमी झालं, खूपच. ती शंकर नगरच्या एका नर्सरीच्या भिंतीवर वाघ अन् टरबूज काढायले लागली. मावशी म्हणाली, जरा नमतं घे, पोट्टी शिकायची आहे. आई म्हणाली, "पोट्टी पाहूनच राहिली आहे. नमतं घेतलं तर तेच शिकन."

मी शिकली. डिग्रीही झाली, पण ते नंतर.

माझं लग्न ठरलं. सासरचे लोक मराठ्यांच्या राज्यापासून रायपूरचे, घरात अर्धी हिंदी, माणसं चांगली. हळदीच्या आधल्या दिवशी आई भिंतीवर चढली. तिनं असा गणपती कोणासाठीच काढला नव्हता. शेल्याच्या चुण्या मोजून घ्या. फक्त डोळे राहिले होते. अन् काकू हात धुवून, पदर खोचून खाली आली.

"दे ब्रश. डोळे मी काढते."

"तुमच्या हातानं तिरळा होईन, जाऊबाई."

"होऊ दे तिरळा. अपशकुन तर नाही होणार. तुयीच पोट्टी आहे, तुलेच समजत नाही? सासरचे पाहतील, काय म्हणतील?"

अंगणात पाहुणे होते. काका मोबाईलमध्ये पाहून राहिले होते, तिथं काहीच नव्हतं. आईनं वरूनच मले विचारलं, "लग्न तुयं आहे. तुले कोणाच्या हातचे पाहिजे?"

मी म्हटलं, "तुझ्या."

तिनं श्वास धरला. नेहमी धरायची. डावा डोळा आधी, मग उजवा, शेवटी पांढरा ठिपका इकडं अन् तिकडं. मग खाली उतरून, मागं सरकून पाहिलं.

"जाऊबाई, तिकडून पहा. मग इकडून पहा. दोन्हीकडून तुमच्याकडेच पाहीन."

त्या दिवसापासून भिंतीसमोरून जाताना काकूनं डोक्यावर पदर घेतला नाही असं कधी झालं नाही. मी पाहिलंय.

तर आता सांगा, हा गणपती मी पुट्टीखाली जाऊ देईन? ज्या डोळ्यांसाठी माझ्या आईनं अर्धा धंदा सोडला, त्यातला एक डोळा आधीच गेला होता.

मी कुलूप उघडलं. तिचे ब्रश तेलाच्या डब्यात होते, नरम. काळा रंग वरून जमला होता, साय बाजूले केली तर खाली ओला. घोडीवर चढली.

काका म्हणाले, "तुले येते काय?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. घोडी धरा."

त्यांनी धरली. काय करतात. मी श्वास धरला तिच्यासारखा, पण श्वास धरल्यानं कोणी पेंटर होत नाही. रेघ वाकडी गेली. पांढरा ठिपका खालीच बसला. खाली उतरून पाहिलं तर उजवा डोळा तुम्ही जिथं उभे राहाल तिथं पाहते अन् डावा शेजारच्यांच्या कूलरकडं.

खुरपीवाला भैया हळूच म्हणाला, "दीदी, थोड़ा उधर देख रहे हैं."

जिन्यात काकू उभी होती, केव्हाची कोणास ठाऊक. तिनं डोक्यावर पदर घेतला अन् नीट पाहिलं.

"माझ्यापेक्षाही वाईट काढला," ती म्हणाली. मग भैयाकडं वळून, "क्या देख रहे हो? पीछे की दीवार घिसो. इसको हाथ नहीं लगाना."

काका म्हणाले, "पण भाडेकरू..."

"भाडेकरूले हा गणपती चालत नसन तर दुसरं घर पाहीन तो," काकू म्हणाली, अन् वर निघून गेली.

तिरळा तर तिरळा. आता पुढचं लग्न निघेपर्यंत असाच राहीन.