दीपगृहाचे पडदे

मालनने वीस वर्षं पडदे शिवले, पण स्वतः शिवलेला एकही पडदा तिने खिडकीला लागलेला पाहिला नव्हता. थट्टा नाही हं. ती ज्या दुकानात कामाला होती तिथला मालक म्हणायचा, "माप घ्यायला, पडदे लावायला बाईमाणूस नको. तू आपली मशीनवर बस." ती बसली. मग एक दिवस तिचं डोकं सटकलं, आणि तिने ठाण्यातल्या वर्तकनगरात भाड्याने गाळा घेऊन स्वतःची मशीन टाकली.

गिऱ्हाईक यायचं, पण साडीला फॉल लावायला. पडद्यांचं नाव काढलं की बायका नाक मुरडायच्या. बाई घरी येऊन पडदे लावणार, हे कुणाला पटेचना. अशात शेजारच्या कॉलनीतल्या एमिलियाबाई आल्या. त्यांचा भाऊ थॉमस एका बेटावरच्या गावात जुनं दीपगृह सांभाळायचा. तिथल्या दिव्याभोवती माणसाएवढं भिंग. रात्री ते उजेड लांब फेकतं, पण दिवसा ऊन आत शिरलं तर तेच ऊन एकवटून आग लावू शकतं. म्हणून उजाडलं की काचांना पडदे लावावेच लागतात. जुन्या पडद्यांची पार चाळण झाली होती.

"मीच शिवते आणि लावायलाही मीच जाते," मालन म्हणाली.

तिची लेक संचिता वैतागली. "आई, काही गडबड झाली ना, तर वाट लागेल हां. एमिलियाबाई कॉलनीभर सांगतील."

मालनला ते कळत नव्हतं थोडंच. काम जमलं तर पडदेवाली, नाहीतर जन्मभर फॉलवाली.

थॉमसने फोनवर मापं कळवताना बजावलं होतं, कापड सुतीच हवं. मालन शहाडला उतरून उल्हासनगरच्या बाजारातून चांगलं जाडजूड कापड घेऊन आली. पडदे शिवले, धुतले, कडक इस्त्री केली आणि होडीत बसून बेटावर पोचली.

सकाळी दीपगृहाच्या माथ्यावरच्या खोलीत थॉमसने जुने पडदे उतरवले. मालनने पहिला नवा पडदा अडकवला. पडदा चांगला चार बोटं आखूड. दुसराही तसाच, तिसराही. धुण्यात कापड आटलं होतं. सगळा जन्म पॉलिस्टर शिवण्यात गेलेला, शिवायच्या आधी कापड भिजवायचं हे तिला सुचलंच नव्हतं. आता बोला.

खालच्या फटीतून ऊन आत येऊ लागलं.

"राहू द्या ताई," थॉमस हळूच म्हणाला. "जुनेच लावतो परत. हे तुम्ही घेऊन जा."

मालन रडायचीच बाकी होती. तिने पडद्याची खालची कड मुठीत आवळली, आणि कड हाताला जाड लागली. ठाण्यातली माणसं आज छोट्या फ्लॅटमध्ये, उद्या मोठ्या, आणि पडदे बरोबर घेऊन जातात. म्हणून तिकडे खालच्या दुमडीत वीतभर कापड जास्तीचं ठेवायची रीतच आहे. मालनच्या हातांनी ते इथेही तिच्या नकळत ठेवलं होतं.

"थॉमसभाऊ, जुने नकोत. तुमच्या घरच्या चादरी आणा आणि उन्हाच्या बाजूला धरून उभे राहा. मला जरा वेळ द्या."

थॉमस बिचारा चादर धरून उभा राहिला. मालनने जमिनीवरच फतकल मारली. भराभर टाके उसवले, कापड खाली सोडलं, कडेला धावदोरा घातला, एक पडदा झाला की दुसरा ओढला. बोटाला सुई टोचली तरी ती थांबली नाही. शेवटचा पडदा लागला तेव्हा फट कुठे उरली नव्हती. खोलीत गार सावली पसरली, आणि थॉमसने चादर खाली टाकून दोन्ही हात झटकले.

मालन बाहेरच्या सज्जात गेली आणि काचांभोवती फिरली. सगळीकडे तिचेच पडदे, सरळ, एका रेषेत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक.

ती निघाली तेव्हा थॉमस धक्क्यापर्यंत सोडायला आला. "ताई, माझ्या क्वार्टरलाही पडदे हवेत. मापं फोनवर कळवतो."

"फोनवर कशाला?" मालनने पिशवीतून टेप काढली. "माप मी घेणार. चला, खिडक्या दाखवा. होडी थांबेल."