माझाच जुना नंबर

कतारमध्ये चौदा वर्षं काढल्यावर मी नोकरी बदलायला निघालो, तेव्हा माझी श्रद्धा फार डळमळीत होती, हे आधीच कबूल करतो. नाशिक सोडताना आईने सप्तशृंगीची तसबीर माझ्या बॅगेत घातली होती. अल खोरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्यापुढे रोज उदबत्ती लागे, पण ती लावायची पत्नी. मी गॅस प्लांटवरचा इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. मीटर दाखवतो ते खरं मानायचं, एवढाच माझा धर्म. आणि त्या दिवसांत कुठलाच मीटर धड काही दाखवत नव्हता.

झालं असं, की लुसैलमधल्या एका कंपनीने मला बोलावलं. पूर्वी इथे मालकाच्या संमतीपत्राशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. आता ती अट गेली आहे. आपण नोटीस द्यायची, नव्या कंपनीने ऑनलाइन अर्ज भरायचा आणि आपल्या मोबाइलवर येणारा कोड घालून आपण करार मान्य करायचा. ऐकायला किती सोपं! मी राजीनामा दिला. नोटीस संपत आली, तरी तो मेसेज काही येईना. नव्या कंपनीत सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, ज्याला इथे मंदूब म्हणतात, तो सांगे, "तुमच्याच नंबरवर गेलाय, सर. तुम्हीच अडवून धरलंय." जुन्या कंपनीचा एचआर म्हणे, "गुरुवारनंतर तुम्ही आमचे नाही. खलास." सरकारी मदत-फोनवर प्रत्येक वेळी वेगळंच उत्तर मिळे. कोण खरं बोलतंय आणि आपलं काय चुकतंय, काही उमजेना.

पत्नी आणि मुलगी इथे राहतात त्या माझ्या व्हिसाच्या आधारावर. माझंच बूड हललं तर त्यांचंही हलणार. मुलगी बारावीला, परीक्षा तोंडावर आलेली. तिने एकदा जेवताना विचारलं, "बाबा, आर वी गोइंग बॅक?" मी आधी "नाही" म्हणालो, मग "माहीत नाही" म्हणालो. ती ताट तसंच ठेवून उठली. चांगली चाललेली नोकरी मी सोडली तरी का, हाव म्हणून की खरंच कंटाळलो होतो म्हणून, हेही मला आता आठवत नव्हतं. स्वतःच्याच मनाचा असा पत्ता हरवणं मी पहिल्यांदा अनुभवत होतो.

बुधवारी सकाळी मी घराबाहेर पडत होतो. पत्नी म्हणाली, "अहो, निदान देवीपुढे हात तरी जोडून जा." मी चिडून म्हणालो, "तिला काय कळतंय इथल्या कायद्यातलं?" आणि तसाच निघालो. मी समुद्राकाठी गाडी लावून सरकारी मदत-फोनवर दोन तास ताटकळत राहिलो आणि शेवटी फोनच बंद पडला. चार्जर घरी. समोरच एका मल्याळी माणसाची चहाची टपरी होती. मला एकाएकी रडू आलं. भर उन्हात, पाण्याकडे तोंड करून, मी मोठ्याने म्हणालो, "आई, मला काहीच कळत नाहीये. तुला कळत असेल तर तू बघ." प्रार्थना म्हणावी तर ती एवढीच. तीही वैतागून केलेली.

टपरीवाल्याकडे मी फोन मागितला. पत्नीला सांगायचं होतं, की आता सामान बांधायला घे. आकडे बोटांना पाठ होते. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "अलो?" मी हिंदीत माफी मागितली. तो म्हणाला, "थांब, थांब. तू हिंदी? इंडियन?" आणि त्याने माझं पूर्ण नाव घेतलं. अडखळत, वडिलांच्या नावासकट.

मग हळूहळू उलगडा झाला. इथे आल्यावर मी आणि पत्नीने एकदमच सिमकार्डं घेतली होती. दोन्ही नंबर सारखेच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. आईच्या ऑपरेशनसाठी मी चार महिने नाशिकला राहिलो, तेव्हा माझा नंबर बंद झाला आणि पुढे कुणा दुसऱ्याला मिळाला; परत आल्यावर मी नवा घेतला. लुसैलच्या कंपनीला मात्र मी जुन्या नंबरचाच बायोडेटा पाठवला होता. मंदूब खोटं बोलत नव्हता. मेसेज माझ्याच जुन्या नंबरवर जात होता. आणि पत्नीला फोन लावताना, गोंधळात शेवटचा आकडा चुकून मी तोच नंबर फिरवला होता.

"तुझ्या नावाचा मेसेज रोज येतो," तो माणूस मोडक्या हिंदीत म्हणाला. "आज लिहिलंय, उद्या बंद. पण फोनवर कोड देणार नाही. तू तोच आहेस, मला काय माहीत? आयडी घेऊन ये. मी द पर्ल बेटावर आहे. यल्ला, सदीक, चल मित्रा, लवकर."

इमारतीचा पत्ता विचारून घेऊन मी गाडी काढली. वाटेत शंभरदा वाटलं, की ही फसवणूक असेल. तिथे एका इमारतीच्या फाटकापाशी रखवालदाराच्या गणवेशात एक उंच, पांढऱ्या दाढीचे सुदानी गृहस्थ उभे होते. नाव इद्रिस. त्यांनी माझ्या आयडीवरचं नाव अक्षर अक्षर ताडून पाहिलं आणि मगच फोन पुढे केला. त्यांच्या खुर्चीवर बसून मी पुन्हा कोड मागवला, तो भरला, करार मान्य केला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

मी त्यांचे हात धरून विचारलं, "इतके दिवस हे मेसेज ठेवले का? पुसून का नाही टाकले?"

ते म्हणाले, "माझ्या दोन बहिणी खार्तुममध्ये होत्या. लढाई सुरू झाली, तेव्हापासून पत्ता नाही. कुठल्या नंबरवरून निरोप येईल, सांगता येत नाही. म्हणून मी प्रत्येक मेसेज वाचतो. तुझा वाचला, तेव्हा वाटलं, हाही कुठेतरी निरोपाची वाट बघत असेल."

मी जवळच्या दुकानातून आणून दिलेली खजुराची पेटी त्यांनी घेतली, ती तिथेच फोडली आणि पहिला खजूर मलाच दिला.

नवी नोकरी लागली, मुलीची परीक्षा पार पडली. याला चमत्कार म्हणावं की योगायोग, यावर मी वाद घालत नाही. इंजिनिअर म्हणून सांगायचं तर एक आकडा चुकला, इतकंच. पण ज्या गोंधळातून मला बाहेर काढ म्हणून मी रडलो, त्याच गोंधळाला धरून सप्तशृंगी आईने मला नेलं, असं मला वाटतं. शरण जाण्यासाठी मन आधी शांत व्हावं लागतं, असा माझा समज होता. तसं नसावं. भांबावलेला, चिडलेला माणूसही तिला चालतो.

इद्रिसभाई अधूनमधून आमच्याकडे जेवायला येतात. पत्नीच्या हातची बाजरीची भाकरी त्यांना आवडते. परवा दार उघडलं, तर ते बोलायच्या आधीच फोन माझ्यापुढे धरून उभे होते. धाकट्या बहिणीचा निरोप आला होता. मुलांसह ती इजिप्तमध्ये पोचली आहे. मोठीचा अजून पत्ता नाही. आम्ही दोघं दारातच उभे राहून तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. ते अरबीत वाचत होते, आणि मला त्यातलं एकही अक्षर येत नसताना मीही वाचत होतो.