सगळ्यांत वरची ओळ

ऑफिसात मला सगळे अक्का म्हणतात आणि थोडे दबकूनही असतात. वयामुळं नाही. हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात मी संगणकांचं बघते. आमच्याकडं ड्रॉइंग काढणाऱ्यांच्या टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड असतात. त्यांचं सगळं काम आतल्या खोलीतल्या एकाच सर्व्हरवर चालतं. त्यावर कोण काय चालवतंय ते बघायला काळ्या पडद्यावर 'टॉप' एवढा एक शब्द टाईप करायचा. लगेच यादी येते. कुणाच्या नावावर कुठला प्रोग्रॅम चालू आहे, तो मशीनची किती ताकद खातोय, सगळं. जो सगळ्यांत जास्त खातो तो सगळ्यांत वर. प्रत्येकाला एक नंबर असतो, आणि 'किल' लिहून पुढं तो नंबर घातला की प्रोग्रॅम बंद.

हे काम मला मनापासून आवडतं. त्यातला चोंबडेपणाही आवडतो, खोटं कशाला बोलू? मॅच असली की मी जागेवरूनच ओरडते, "कोपऱ्यातले साहेब, स्कोअर किती?" कोपऱ्यातला तो ड्राफ्ट्समन कानापर्यंत लाल होतो आणि पडद्यावरची मॅचची खिडकी बंद करतो. नवीन माणूस आला की त्याला मी ही यादी बघायला शिकवते आणि वर एक युक्तीही सांगते. यादीत प्रोग्रॅमचं नुसतं छोटं नाव दिसतं. 'सी' दाबलं की अख्खी ओळ उघडते, त्यानं कुठली फाईल उघडलीय त्यासकट. "सी दाबा, पोटातलं बाहेर येतं," असं मी म्हणायची आणि सगळे हसायचे.

आता आईचं सांगते. आई माझ्याजवळ असते. आमचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं, तिचा सगळा संसार त्याच्या मागच्या दोन खोल्यांत झाला. तशी ती धडधाकट आहे, भाजी महाग आणली की मला झापते. पण मधेच एखाद्या दुपारी तिचं काहीतरी सुटतं आणि ती "घरी" जायला निघते. दुकानामागचं ते घर आम्ही कधीच विकलं. दोनदा अनोळखी माणसांनी तिला रिक्षातून आणून सोडली. सोबतीला बायका ठेवून बघितल्या; ती त्यांना उंबरा ओलांडू देईना. म्हणून मी तिचं ताट झाकून ठेवते, पाण्याचा तांब्या भरते आणि बाहेरून कुलूप लावून कामाला जाते.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ऑफिसात आणि बेळगावच्या भावाला मी सांगून ठेवलंय की आईजवळ दिवसभर एक बाई असते. त्या नसलेल्या बाईला मी गावसुद्धा दिलंय, कलघटगी. "बस चुकली वाटतं, अजून आली नाही," असंही मी एकदा सहज बोलून गेले, आणि नंतर जिन्यात माझी मलाच किळस आली.

आईच्या खोलीत फळीवर एक कॅमेरा आहे. ऑफिसात माझा एकटीचा वेगळा संगणक आहे, त्यावर एका कोपऱ्यात तिची खोली दिवसभर उघडी असते. आई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असते, पदर नीट, पाठ ताठ. किती शहाण्यासारखी बसते, असं वाटून मला बरं वाटायचं आणि मी पुढच्या कामाला लागायची.

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी व्होल्टेज वरखाली होऊन माझा संगणक जळला. तो दुरुस्तीला दिला आणि मी इतरांसारखी सर्व्हरवर आले. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून कॅमेराही तिथूनच चालू केला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

जेवणानंतर सगळं अडकलं. कुणाचं ड्रॉइंग हलेना. त्यात बाहेरगावचं मोठं गिऱ्हाईक आलेलं. मालक घाईनं बाहेर आले. "येनु आगेद, अक्का?" काय झालंय म्हणून त्यांनी कानडीत विचारलं आणि म्हणाले, "मोठ्या पडद्यावर टाका. सगळेच बघू."

मी तोऱ्यात 'टॉप' टाईप केलं. सगळ्यांत वर माझंच नाव. पुढं व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव.

जो हशा पिकला तो मी कमावलेलाच होता. कोपऱ्यातल्या ड्राफ्ट्समननं तर टाळीच दिली शेजारच्याला. "अक्का, तुम्हीसुद्धा? स्कोअर किती?" मी हसून वेळ मारून नेणार, तेवढ्यात तो पुढं आला. "सी दाबा की. तुम्हीच शिकवलंय." आणि माझ्या हाताखालून त्यानं स्वतःच दाबलं.

अख्खी ओळ उघडली. कॅमेऱ्याचा पत्ता आणि शेवटी मी दिलेलं नाव, रोमन अक्षरांत: आई खोली. आमच्या हुबळीत हे दोन शब्द न कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही. हसणं थांबलं.

मालकांनी मराठीतच विचारलं, "तुमच्या आईंजवळ बाई असते नव्हं?"

"असते की," मी म्हटलं. "हे जुनं रेकॉर्डिंग आहे. कॅमेरा नीट चालतोय का बघत होते."

"मग मारून टाका."

सगळे माझ्याकडं बघत होते. यादीच्या मागं, माझ्या पडद्यावर, आई खुर्चीत ताठ बसलेली होती. मी 'किल' लिहिलं, तिचा नंबर घातला आणि एंटर दाबलं. ओळ गेली. ड्रॉइंग सुरसुर हलायला लागली आणि गिऱ्हाइकासमोर मालकांनी माझी पाठ थोपटली.

जिवंत आईला मी लोकांसमोर जुनं रेकॉर्डिंग केलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी बसून राहिले. कॅमेरा परत लावायची सोय नव्हती, कारण ड्राफ्ट्समननं गंमत म्हणून आपल्या पडद्यावर यादी उघडीच ठेवली होती. फोन आमच्याकडं गेटवर जमा असतो. घरी जाते म्हणावं तर का ते सांगायला लागलं असतं. मी सुट्टी होईपर्यंत काम केलं.

घरी आले तशी आधी कुलूप काढलं. दार उघडलं तर खुर्ची रिकामी. आई जमिनीवर होती.

"पडलीस का गं?" मी ओरडलेच.

"पडू कशाला? लोळतेय." ती फरशीवर उताणी पडली होती. पदर एकीकडं, केस मोकळे, पाय भिंतीला वर लावलेले. तिला अशी मी लहानपणीसुद्धा बघितलेली नव्हती. तिनं फळीकडं बोट केलं. "दुपारी त्या डबीचा निळा दिवा गेला बघ. म्हटलं, लेक कामात असंल. मग जरा पाय पसरले."

दिवा. कुणी बघत असलं की कॅमेऱ्याचा बारीक निळा दिवा लागतो. तो कॅमेरा मी स्वतःच बसवला होता.

"तुला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं? दिवा लागला की तू बघतीस." ती हळूहळू उठून बसली आणि सवयीनं पदर सारखा करायला लागली. "तुझ्या ऑफिसातली माणसंबी बघत असतील की. अक्काची आई कशी बसलीय म्हणतील. म्हणून बसते नीट. पाठ भरून येते, पण बसते. तुझं नाव खाली जायला नको."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान मुलीनं सुट्टी मागावी तसं हळूच विचारलं, "उद्यापण असंच काम आहे का गं तुला?"