तिसरा रकाना

"आणि चष्मा? माझा चष्मा लावून नाक मुरडायलाही क्लबच्या कमिटीनंच सांगितलं होतं का?"

"अगं, नक्कल होती ती. सगळा हॉल पोट धरून हसला. तुझं नाव तरी घेतलं का मी?" मनोहर दाणी भजं तोंडात ठेवूनच बोलत होते.

नाव घ्यायची गरजच नव्हती. कारखान्याच्या त्या सबंध वसाहतीत घसरता चष्मा सावरत 'ऋणाग्र' म्हणणारी बाई एकच होती. शनिवारी क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात टर्बाइन विभागाचे हे सीनियर इंजिनियर बायकोचा जुना चष्मा लावून, तिची शाल पांघरून, तिच्याच यादीतले हिंदी शब्द नाकातून वाचत होते. "कॅथोड मत बोलिए, पाप लगेगा! ऋणाग्र बोलिए!" पहिल्या रांगेत जीएमसाहेब रुमालानं डोळे पुसत होते. सहाव्या रांगेत प्रमिलाला शेजारणीनं कोपरानं ढोसलं होतं, "भाभीजी, क्या ॲक्टिंग है!"

आता, सोमवारी संध्याकाळी, ती बेसिनपाशी तोच चष्मा साबणानं घासत होती. काड्यांना नवऱ्याच्या केसांचं तेल लागलं होतं. दोनदा धुऊनही वास जात नव्हता.

प्रमिला उज्जैनची, संस्कृतात एम.ए. झालेली. लग्न होऊन भोपाळला आली आणि कारखान्याच्या हिंदी विभागात अनुवादक म्हणून लागली. यंत्रांची माहितीपुस्तकं हिंदीत करायची. दिल्लीहून ठरवून आलेले सरकारी हिंदी शब्द वापरले की वर्कशॉपमधली माणसं हसायची, आणि सुरुवातीला तिलाही त्या शब्दांची लाजच वाटायची. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं लायब्ररीतला जाडजूड इंग्रजी कोश उघडला. या इंग्रजी शब्दांचं तरी कूळ काय, बघू.

'इलेक्ट्रिक' निघाला तृणमणीच्या ग्रीक नावावरून. घासला की काडीकचरा ओढून घेतो तो पिवळा खडा. 'हायड्रॉलिक' म्हणजे पाणी आणि बासरी. 'कॅथोड' म्हणजे खाली जाणारी वाट. तो शब्दही कुणा ग्रीकानं विजेसाठी कधी उच्चारला नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज शास्त्रज्ञाला नाव सुचेना, म्हणून त्यानं कॉलेजातल्या एका पंडिताला पत्र घातलं आणि पंडितानं जुन्या ग्रीकातून शब्द जुळवून पाठवला. म्हणजे साहेबानंही तेच केलं होतं, जे केल्याबद्दल हिला हसत होते.

त्या दिवसापासून तिच्या यादीला तिसरा रकाना आला. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात मूळ घरचा अर्थ. अकरा वर्षांत यादी चौदाशे शब्दांवर गेली. प्रेस शॉपचे म्हातारे फिटर काशिनाथराव तो रकाना वाचून म्हणाले होते, "पाण्याची बासरी! बाई, वीस वर्षं हायड्रॉलिक प्रेस चालवतोय, हे कुणी सांगितलंच नाही." तेव्हापासून तिला एकच हवं होतं, यादी छापून अप्रेंटिस पोरांच्या हातात पडावी.

आज यादी कारखान्याच्या छपाई कमिटीकडून परत आली होती; मनोहरही त्या कमिटीवर होते. 'हास्यास्पद. छपाईस अयोग्य.' खाली तीन सह्या. तिसरी तिच्या ओळखीची, शेवटी लांब शेपूट काढलेली.

"सही का केलीत?" तिनं विचारलं.

"जीएम आधीच हसत होते, मी एकटा काय बोलणार? पुढच्या महिन्यात माझा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे. आणि खरं सांग, कोण बोलतं तुझे शब्द? इंग्रजी कसे नैसर्गिक वाटतात!"

"नैसर्गिक! टेलिव्हिजन घ्या. पुढचा अर्धा ग्रीक, मागचा अर्धा लॅटिन. खेचर आहे ते खेचर. आणि त्यावर आईंनी क्रोशाची झूल घातलीय."

"माझ्या कव्हरानं काय केलं गं तुझं?" सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या.

"मम्मी, छोड ना," कांचन मासिकातून मान वर न करता म्हणाली. "सबने एन्जॉय किया. आणि पप्पांनी तुझा आवाज काय डिट्टो काढला!"

"बघ! पोरीला कळतं," मनोहर खूश झाले. "बरं, ऐक. ह्या शनिवारी जीएमसाहेब, मॅडम आणि आणखी चौघं जेवायला येतायत. मॅडमना ती नक्कल पुन्हा बघायचीय. तू कोथिंबीरवडी कर, तुझ्या हातची. आणि तो चष्मा हाताशी ठेव."

प्रमिलानं त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटीवर तेलाचा ओघळ होता, मिशीत भज्याचा चुरा अडकला होता. वीस वर्षं ती अशा वेळी गुपचूप स्वतःच्या ओठाला बोट लावून त्यांना खूण करत आली होती. आज तिनं खूण केली नाही.

चष्मा पुसून तिनं त्यांच्या ताटलीशेजारी ठेवला.

"हा तुम्हालाच राहू दे. मला नको. अप्रेंटिस स्कूलचे प्रिन्सिपल दोन वर्षं मला वर्ग घ्या म्हणून मागे लागलेत, उद्या त्यांना हो सांगणार आहे. दर शनिवारी, पाच ते आठ. यादीच्या स्टेन्सिल मी स्वतः कापीन आणि पोरांना सायक्लोस्टाइल करून वाटीन, तिसऱ्या रकान्यासकट. शनिवारी ह्या घरात पाहुण्यांचा स्वयंपाक होणार नाही."