साहेबांच्या रॅकेटची ग्रिप

मुनीरभाई दुकानात आले तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आणि हातात साहेबांची रॅकेट होती. दोन्हींचा संबंध त्यांनी न विचारताच सांगितला.

"साहेब स्मॅश मारून राह्यल्ते. शटल तिथंच राह्यलं, रॅकेट आली."

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मस्तगडला माझं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. रॅकेटला गटिंग करायचं, म्हणजे जाळी विणायची, आणि ग्रिप बदलायची, म्हणजे मुठीवरची पट्टी नवी गुंडाळायची, हे माझं रोजचं काम.

मुनीरभाई एका सरकारी कचेरीत स्टेनो. दुपारी साहेबांचं डिक्टेशन घ्यायचे आणि संध्याकाळी त्यांचे डबल्सचे पार्टनर व्हायचे. कचेरीत साहेबांना आजवर कोणी हरवलं नव्हतं, कारण हाताखालची सगळी माणसं हरण्यात तरबेज होती. अडचण रविवारी येणार होती. रविवारी दुसऱ्या खात्याच्या साहेबांशी मॅच होती. ते बरोबरीच्या हुद्द्याचे, त्यांना हरण्याची काहीच गरज नव्हती.

"हारलो तर बदली करून मला जाफराबादला टाकतो म्हणले साहेब," मुनीरभाई म्हणाले. "अब्बाला बिलकुल दिसत न्हाई. मगरिबच्या नमाजला रोज हात धरून न्यावं लागतं. मी गेल्यावर मंग कोण नेईल? घरात मी एकटाच हाये."

मी ग्रिप सोडायला बसलो. एक निघाली, खाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. तिच्याखाली चौथी.

"हे काय प्रकरण आहे?"

"अकाउंटंटच्या दोन हायेत. डेप्युटीसाहेबांच्या तीन. मंग साहेबांच्या चार नकोत का?"

म्हणजे त्या कचेरीत ग्रिपसुद्धा हुद्द्याप्रमाणे चढत होती. मूठ पार खलबत्त्याच्या दांड्यासारखी झाली होती.

ग्रिप निवडायची रीत साधी आहे. रॅकेट मुठीत धरायची. बोटांची टोकं आणि तळहाताची गादी यांच्यामध्ये करंगळी बसेल एवढी फट राहिली पाहिजे. फट त्याहून मोठी असली तर मूठ जाड आहे, पकड बसत नाही. पण हे माप ज्याच्या त्याच्या हातावरच घ्यावं लागतं. ग्रिपा होत्या तशा गुंडाळल्या आणि कचेरीत गेलो.

साहेबांनी रॅकेट धरली. फटीत माझी तीन बोटं गेली. शिवाय हाताला घाम एवढा, की धरलेला कागद ओला व्हावा.

"ग्रिप पातळ करावी लागेल, साहेब."

"म्हणजे माझा हात लहान आहे?"

मुनीरभाई छताचा पंखा बघू लागले.

"हात बरोबर आहे साहेब. मूठ जाड झालीय."

"डेप्युटींच्या तीन आहेत. मी एक लावून फिरू? ऑफिसात काही शिस्त राहील का?"

यावर काय बोलणार? दुकानदाराने गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, आणि हे तर सरकारी गिऱ्हाईक.

"चारच लावतो साहेब. फक्त बांधणी वेगळी करतो."

दुकानात येऊन चारही पट्ट्या काढल्या. एकीच्या जागी लाकडावर टॉवेल ग्रिप घट्ट गुंडाळली. टॉवेल ग्रिप कापडी असते, घाम पिते. उरलेल्या तीन मी दोन बोटांच्या रुंदीत, फक्त मुठीच्या अगदी खालच्या टोकाला चढवल्या. तिथे जाड कडं झालं की हात त्याला अडतो, रॅकेट निसटत नाही. आणि लोकांना दिसतं तेही तेच टोक.

साहेबांनी टोकाकडून थर मोजले. चार भरले.

"आता कशी वजनदार वाटते," ते म्हणाले.

रविवारी रॅकेट एकदाही उडाली नाही. साहेब कोर्टाच्या मधोमध उभे राहून "तुझा! तुझा!" ओरडत होते आणि मुनीरभाई चारी कोपऱ्यांत धावत होते. मधूनच एखादं शटल साहेबांच्या समोर यायचं आणि ते खरोखरच मारायचे. जिंकले. मुनीरभाईंनी मला पेढे आणून दिले. आपल्या कसबाचा मला त्या दिवशी भलताच अभिमान वाटला.

दोन महिन्यांनी साहेबांना बढती मिळाली. नांदेडला. असा पार्टनर पुन्हा मिळायचा नाही म्हणून त्यांनी वर शब्द टाकला आणि मुनीरभाईंची ऑर्डरही सोबतच काढून घेतली. मुनीरभाई ती ऑर्डर घेऊन दुकानात आले.

"भाऊ, हारलो असतो तर बरं होतं. जाफराबादला एसटी हाये, जीपा हायेत. निदान जुम्म्याला तरी आलो असतो. नांदेडहून कसा येऊ?"

मला स्वतःचाच राग आला.

पुढे रोज दिवस मावळायच्या सुमारास, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, मी शटर अर्धं ओढून अब्बांना हात धरून मशिदीपर्यंत नेऊ लागलो. नमाज होईपर्यंत बाहेर थांबायचो आणि घरी सोडून यायचो. मुनीरभाई दोन वर्षांनी परत आले. बिघडवलेल्या कामाची भरपाई द्यावी लागते, हे दुकानदारीत सगळ्यांनाच माहीत असतं. मी दोन वर्षं बरोबर केलेल्या कामाची दिली.