दमयंतीकाकूंचं लागोस

टोकियोशेजारच्या उरायासुतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात आणि आत दमयंतीकाकू असल्या, की तळमजल्यावर पोचेपर्यंत तुमची लागोसची एक सहल झालीच म्हणून समजा. लिफ्ट थांबली तरी काकू दाराचं बटण दाबून धरायच्या. मला टोकियोला इन्स्टिट्यूटमध्ये जायचंय, ट्रेन चुकतेय, आणि ह्या बाई मला नायजेरियातल्या मासळीबाजारात उभं करून कोळंबीचा भाव कसा पाडावा ते शिकवतायत! शेवटी मी जिन्याने उतरायला लागले. पाच मजले, रोज.

काकू मूळच्या अलिबागच्या. लक्ष्मीकांतकाका एका ट्रेडिंग कंपनीत, त्यांच्याबरोबर नऊ वर्षं लागोसला राहिल्या. जपानच्या त्या मोठ्या भूकंपानंतर वर्षभरात काकांची टोकियोला बदली झाली, तेव्हा नातेवाइकांनी एकच गिल्ला केला, "तिथे कशाला मरायला जाता?" ह्याच मंडळींनी लागोसला जातानाही अगदी हेच विचारलं होतं. काकू म्हणायच्या, "आमच्या नातेवाइकांना आम्ही मेलेलं चालेल, फक्त अलिबागच्या बाहेर मरायचं नाही!"

जपान मात्र काकूंना मानवलं नाही. सगळं वेळेवर, सगळं चकाचक, आणि कुणी तोंडातून ब्र काढील तर शपथ. "अगं प्रणिता," त्या मला म्हणायच्या, "कचरा चार तऱ्हांचा वेगळा करायला लावतात, पण त्यावरून एक धड भांडण नाही! ही काय वस्ती झाली?" दोन वर्षं अशीच गेली. मग समोरच्या फ्लॅटमधल्या नागाई-सान एकदा संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. दारातूनच परत जायचा त्यांचा बेत होता. काकूंनी तो हाणून पाडला, आत ओढून चहा पाजला, आणि त्या दिवसापासून रोज दुपारी दोघींची बैठक सुरू झाली. नागाई-सानांचं इंग्रजी रेडिओवर शिकलेलं, काकूंचं जपानी टीव्हीवर, आणि अडलं की काकू सरळ मराठीत. पण दोघींचं जमलं. असं जमलं, की मला कधीकधी हेवा वाटायचा.

आणि मग दैवाची थट्टा बघा. नागाई-सानांच्या नवऱ्याची बदली झाली ती नेमकी लागोसला.

इथली रीत अशी, की बदली झाली की नवरा एकटा बॅग उचलून जातो आणि बायको घर सांभाळते. त्याला तानशिन-फुनिन म्हणतात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण ह्या खेपेला नागाई-सानांच्या मनात बरोबर जायचं आलं. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव." म्हणून त्या काकूंकडे आल्या. "दमयंती-सान, तिथे माणूस करतो तरी काय? मला आवडेल का? तुम्ही सांगाल तसं."

मला वाटलं, काकूंना आकाश ठेंगणं होईल. तर त्या माझ्या दारात, तोंड एवढंस्सं करून.

"ती गेली तर मी बोलू कुणाशी गं? तू तर मला चुकवून जिन्याने पळतेस!"

मी त्यांना आत बसवलं.

"मी तिला भीती घालणार आहे," काकू म्हणाल्या. "खोटं नाही हो बोलायचं. जे वाईट आहे ते वाईट म्हणून सांगायचं, बस्स. तू चल बरोबर, जपानी शब्द अडले तर सांगायला."

म्हणजे पापात मला भागीदार! तरी गेले. नागाई-सानांच्या चटईच्या खोलीत आम्ही बसलो. काकूंनी चेहरा गंभीर केला.

"नागाई-सान, तिथलं ट्रॅफिक म्हणजे कहर. तीन-तीन तास गाडी जागची हलत नाही."

नागाई-सान पांढऱ्याफटक पडल्या. इथे ट्रेन दोन मिनिटं उशिरा आली तर माफी मागतात. "तीन तास! मग तुम्ही काय करता?"

"काय करता म्हणजे? खरेदी!" आणि झालं, घसरली गाडी. "केळ्याचे वेफर्स, गार पाणी, भिंतीवरचं घड्याळ, डास मारायची रॅकेट, सगळं खिडकीत येतं! एकदा आमच्या ह्यांनी इस्त्रीचं टेबल घेतलं. गाडीत मावेना. तेवढ्यात ट्रॅफिक हललं! विकणारा टेबल घेऊन गाडीबरोबर धावतोय, हे खिडकीतून पैसे नाचवतायत, आणि मागचे दोन ड्रायव्हर खाली उतरून टेबल आडवं घालावं की उभं, यावर एकमेकांशी भांडतायत!"

हे सांगताना काकू नागाई-सानांची बसायची उशी काखेत मारून खोलीभर धावत होत्या. नागाई-सान तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मग हात खाली आला. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

बाहेर आल्यावर मी काकूंना विचारलं, "ह्याला भीती घालणं म्हणतात?"

"मेली जीभच अशी! बाजाराचं सांगते आता. तिथली गर्दी ऐकूनच गार पडेल."

कसली गार पडतेय! बालोगुनच्या बाजारात बायका हात धरून दुकानात ओढतात, इथपर्यंत काकू भीतीवर होत्या. पण तिसऱ्या वाक्याला त्या स्वतःच दुकानदारीण झाल्या, आणि नागाई-सानांना त्यांच्याच घरातला टॉवेल चौपट भावाने विकायला बसल्या. त्यातून होडीने तारक्वा बेच्या किनाऱ्यावर जाऊन ओलं खोबरं खायचं निघालं, लेक्कीच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून झुलत्या पुलावर चालायचं निघालं. "खाली पाहिलं तर पोटात गोळा येतो, आणि वर माकडं आपली फजिती बघत बसलेली!" नागाई-सानांनी विचारलं, "माकडं जवळ येतात?" डोळे अगदी चमकत होते हो.

त्याच शनिवारी नागाई-सान भाजीवाल्याकडे गेल्या आणि त्यांनी मुळ्याचा भाव करायला सुरुवात केली. जपानमध्ये! आधी वाकून माफी मागितली, मग दहा येन कमी करा म्हणाल्या, मग पुन्हा माफी मागितली. भाजीवाल्याच्या बापजन्मात असं घडलं नव्हतं. तो इतका गांगरला, की त्यानेही माफी मागितली आणि दोन मुळे फुकट दिले. ते दोन मुळे छातीशी धरून नागाई-सान धापा टाकत काकूंच्या दारात. काकूंनी आनंदाने टाळ्या पिटल्या, आणि दार लावून घेतल्यावर डोक्याला हात लावून बसल्या.

"एक राहिलंय," त्या मला म्हणाल्या. "विजेचं. ते ऐकून कुणी जायचं नाही."

म्हणून पुन्हा आमची वरात समोर. काकूंनी ह्या वेळी हातात उशीही घेतली नाही. "नागाई-सान, तिथे लाइट जाते. रोज जाते. कधी येईल ते देवाला ठाऊक."

नागाई-सान हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भूकंपात इथली जमीन चिखल होऊन वर आली होती. महिनाभर नळाला पाणी नाही, संडास बंद. मी पाण्याच्या बादल्या जिन्याने वर आणायची. नवरा फुकुओकाला होता, असाच एकटा बदलीवर. रोज फोन करून विचारायचा, ठीक आहे ना? मी म्हणायची, ठीक आहे. ठीक नव्हतं. रात्रीची मी एकटी फार घाबरायची. लागोसला लाइट जाते ते ह्याहून वाईट असतं का?"

काकूंचा हुकमाचा पत्ता त्यांच्या हातात होता. हो म्हणायचं, की संपलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "तिथे लाइट गेली की सगळे जिन्यात येऊन बसतात. कुणी मक्याची कणसं आणतं, कुणी गातं. आणि लाइट आली की अख्खी गल्ली ओरडते, वर्ल्ड कप जिंकल्यासारखी. एकटं कुणी राहतच नाही. जा तुम्ही. अगदी जा."

एवढं बोलून उठल्या, घरी आल्या आणि ओट्याशी उभं राहून रडल्या. "घालवली गं मी तिला," म्हणाल्या. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं, की त्या संध्याकाळी मी तिथेच जेवले.

नागाई-सान गेल्या. विमानतळाच्या बसपाशी काकूंनी त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. नागाई-सान आधी लाकडासारख्या ताठ झाल्या, आणि मग त्याच सोडेनात.

त्यानंतर काकू गप्प झाल्या. लिफ्टमध्ये नुसतं "काय, ऑफिसला?" आणि तळमजला. मी जिना सोडून मुद्दाम लिफ्टने जायला लागले, कोळंबीचं काढून पाहिलं, ट्रॅफिकचं काढलं. "हो गं, असायचं तसं," एवढंच. असल्या काकू मला नको होत्या.

एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना नागाई-सानांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर काळोख, एक टॉर्च, आणि जिन्यात बसलेली वीसेक माणसं. नवरा शेजारीच, कणीस खात.

"दमयंती-सान! लाइट गेलीय!" नागाई-सान चक्क ओरडत होत्या. "पुढच्या महिन्यात ह्या शेजारणीच्या मुलीचं लग्न आहे. इथे जवळच्या सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे असतात ना? तुमचंही शिवायला टाकलंय. माप अंदाजाने दिलं. या! मी तुम्हाला लागोस दाखवते."

"ही मला लागोस दाखवणार?" फोन बंद झाल्यावर काकू कडाडल्या. "काल गेलेली बाई! आणि अंदाजाने माप? घट्ट झालं म्हणजे?" दीड महिन्यात पहिल्यांदा आवाज शेजारी ऐकू जाईल इतका चढला होता. मग एकदम उतरला. पेपर वाचणाऱ्या काकांकडे वळून त्या म्हणाल्या, "अहो, रजा मिळेल का हो तुम्हाला?"

"घेतलीय," काका म्हणाले.

"आँ? कधी?"

"ती गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात. तिकिटंही काढलीत. पुढच्या महिन्याचीच आहेत." काकांनी पेपर खाली ठेवला. "तू घरात बोलेनाशी झालीस. मला जेवण जाईना."

काकूंचे डोळे भरून आले, पण तोंड काही थांबलं नाही. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीत? मी इथे झुरून मरतेय!"

"सांगणार होतो," काका म्हणाले. "पण आपल्या घरात बोलायला सुरुवात नेहमी तू करतेस."