रांजणात बांधलेला भाऊ

नेड्रा थर्गुड शाळेची बस चालवायची. अमेरिकेत, युटा राज्याच्या दक्षिणेला, लाल खडकांच्या मुलखात, जिथे एका घरून दुसऱ्या घराचा धूरही दिसत नाही, तिथली पोरं सकाळी गोळा करून शाळेत पोचवायची आणि दुपारी घरोघर सोडायची. अंगाने काटक, बोलायला तुटक. पण गावात तिचं नाव होतं ते बसमुळे नव्हे. ‘नेड्राला भीती माहीतच नाही,’ असं लोक चर्चबाहेर उभे राहून म्हणायचे, कारण ती धाकट्या भावाबरोबर घळींमध्ये उतरायची. त्या घळी म्हणजे खडकात पडलेल्या चिरा. वरून पाहिलं तर उडी मारून ओलांडता येतील इतक्या अरुंद, आणि आत पाच-सहा मजले खोल. दोर लावून उतरायचं, अंग तिरकं करून सरकायचं, साचलेल्या पाण्यातून पोहायचं आणि खालच्या तोंडाने बाहेर पडायचं.

खरी गोष्ट अशी होती की ती दर वेळी घाबरायची. नुसती घाबरायची नाही, घळीच्या वाटेशी ट्रक थांबला की त्याच्या मागे जाऊन ओकायची. भाऊ कॉर्विन तोवर दोर सोडवत बसायचा आणि ती परत आली की म्हणायचा, “झालं का तुझं? चल मग.” बाकी कोणाला त्याने हे कधी सांगितलं नाही.

मग ती जायची कशाला? तर ती नसती गेली तर कॉर्विन एकटा गेला असता. तो रस्ते खात्यात माती सपाट करायचा ग्रेडर चालवून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा, हट्टी माणूस. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून त्याची वाट बघणं तिला आत उतरण्यापेक्षा अवघड वाटायचं.

जुलैत पायोनियर डेला, म्हणजे पहिले वसाहतवाले आले त्या दिवसाच्या सणाला, गावात मिरवणूक असते, संध्याकाळी उधळत्या घोड्या-बैलांवर बसायचा रोडिओ असतो. कॉर्विनला गर्दीचा तिटकारा. त्या दिवशी दोघं भावंडं घळ गाठायची, हा त्यांचा रिवाजच पडला होता. त्या वर्षी वसंतापासून पाऊस नव्हता आणि उन्हाने तापलेली पत्र्याची दारं हात लावू देत नव्हती.

“या वर्षी नको,” नेड्रा म्हणाली होती. “आत पाण्याचा थेंब नसेल. आणि दुपारी रोज ढग येतायत.”

“थेंब नाही म्हणतेस आणि ढगांनाही भितेस. दोन्हीतलं एक काय ते ठरव.”

“कॉर्विन, मी चेष्टा करत नाहीये.”

“मग मिरवणुकीत जा. बिशपच्या बायकोशेजारी खुर्ची टाकून बस. मी येतो जाऊन.”

झालं. ती त्याच्याबरोबर गेली.

घळीपर्यंतची वाट उघड्या खडकावरून होती. सूर्य वर येताच तो खडक तव्यासारखा तापला आणि बुटांचे तळवे चिकटायला लागले. कॉर्विनने पाण्याची एक मोठी बाटली ट्रकमध्येच ठेवली होती, ओझं नको म्हणून. हे नेड्राला पहिल्या उताराच्या तोंडाशी कळलं. तिने फक्त आपल्या पाण्याचा घोट छोटा केला.

पहिला उतार उतरले. कॉर्विनने खाली उभं राहून दोराचं एक टोक ओढलं. दुसरं टोक वरच्या कडीतून सुटून सळसळत खाली आलं. हा क्षण नेड्राला सगळ्यात वाईट वाटायचा. दोर खाली आला की परत वर जायचा रस्ता संपला. आता काहीही झालं तरी खालच्याच तोंडाने बाहेर.

आत नेहमी गारवा असायचा. आज नव्हता. ज्या डोहांमधून ते मे महिन्यात दात वाजवत पोहायचे, तिथे चिखलाची पापुद्रे सुटलेली खपली होती. मध्ये घळ थोडी रुंद होते आणि ऊन सरळ तळाला येतं, तिथे कॉर्विन दोनदा अडखळला.

“बस जरा,” ती म्हणाली.

“बसून काय करू?”

त्याचं तोंड तांबडंलाल झालं होतं आणि कपाळ कोरडं होतं. नेड्राने त्याच्या मानेवर हात ठेवला. घाम नाही. लहानपणी गवतकापणीच्या दिवसांत एक गडी असाच कोरडा पडला होता आणि त्याला वडिलांनी टाकीत बुडवला होता, ते तिला आठवलं. तिने उरलेलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. तो अर्धं प्यायला, अर्धं अंगावर सांडलं.

“गाई आत घेतल्या का?” त्याने विचारलं.

“कुठल्या गाई?”

“फाटक उघडं आहे,” तो चिडून म्हणाला. घरच्या गाई विकून कित्येक वर्षं झाली होती.

मागे जाता येत नव्हतं. पुढे ती एकच जागा होती, जिची तिला सकाळपासून धास्ती होती. तिथे पुरांनी घोटून घोटून खडकात एक रांजण कोरला होता. भरलेला असला की पोहत पलीकडच्या काठाला जायचं आणि बाहेर पडायचं. रिकामा असला तर तो विहिरीसारखा. भिंती गुळगुळीत, आणि पलीकडचा काठ दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी हाताला न लागणारा.

ते काठाशी पोचले. तळाशी गुडघाभर हिरवं पाणी होतं, त्यावर मेलेले किडे. नेड्रा पिशव्या सोडवत होती. रिकाम्या रांजणापाशी वाळूच्या पिशव्या दोराला बांधून समोरच्या काठावरून पलीकडे टाकतात आणि त्या वजनाच्या भरवशावर दोर धरून चढतात. ती वाळू भरायला वाकली, तेवढ्यात मागे घसरल्याचा आवाज आला. कॉर्विनला पाणी दिसलं आणि तो त्यात गेला होता.

“कॉर्विन.”

“गार आहे,” तो खालून म्हणाला, आणि बसला.

आता निवड उरली नव्हती. तिने पिशवी भिरकावली. ती काठाला आपटून रांजणात पडली. कॉर्विन हसला, पाणी उडालं म्हणून. तिने दोर ओढून घेतला, पुन्हा टाकली, पुन्हा पडली. नेम लागत नव्हता. शेवटी दोन्ही पिशव्या एकत्र बांधून, पाय रोवून तिने त्या झोक्याने सोडल्या. त्या काठापलीकडे गेल्या आणि तिकडे लोंबकळल्या.

ती खाली घसरली. कॉर्विनला पलीकडच्या भिंतीशी वाळूच्या उंचवट्यावर पाठ टेकून बसवलं, टोपी भिजवून डोक्यावर पाणी ओतत राहिली. ओतता ओतता नाव विचारत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने आपलं नाव बरोबर सांगितलं.

“उभं राहता येईल?”

त्याने प्रयत्न केला. पाय गेले. त्याला वर ओढायचं बळ तिच्यात नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं, म्हणजे त्याला दिसत असेल तर.

“मी माणसं घेऊन येते,” ती म्हणाली.

त्याने तिचं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं. नेड्राला त्याचं एकेक बोट उचकटून काढावं लागलं. ते काढताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती.

दोराचं खालचं टोक तिने त्याच्या काखांखालून बांधलं आणि वर चढायला लागली. दोराला फास लावून, एका फासावर भार टाकून दुसरा वर सरकवायचा, असं. काठापलीकडच्या पिशव्या दर वेळी बोटभर वर घासत यायच्या. तो खरखर आवाज तिला दगडातून ऐकू येत होता. आवाज थांबला की ती हलायची, हलली की आवाज यायचा. कोपरं काठावर टेकली तेव्हा तिची पँट ओली होती, आणि ते पाणी रांजणातलं नव्हतं.

वर पुराने आणून अडकवलेला एक ओंडका होता. दोर आवळून त्याला बांधायचा, म्हणजे कॉर्विन बसल्या जागी ताठ राहील, ती इतकंच ठरवून आली होती. तिने दोराचा पहिला वेढा घातला आणि लांब कुठेतरी गडगडलं.

ती थांबली. वरच्या पट्टीएवढ्या आकाशात एकही ढग नव्हता, पण त्याला काही अर्थ नसतो. पाऊस पठारावर पडतो आणि लोंढा घळीत येतो. लोंढा आला तर दोराने जखडलेला कॉर्विन जागेवरच बुडेल. सुटा असेल तर कदाचित पाण्याबरोबर वर तरंगेल. पण सुटा सोडला आणि त्याची शुद्ध गेली, तर तो गुडघाभर पाण्यातच तोंड घालून मरेल. तिने वेढा काढला. पुन्हा घातला. पुन्हा गडगडलं.

“कॉर्विन, बांधू का?” तिने खाली ओरडून विचारलं. जसं काही तो सांगणार होता.

खाली त्याची मान पुढे कलली होती. तिने दोर आवळला आणि गाठ मारली.

पुढचा शेवटचा उतार ती पाठीवर आणलेल्या दुसऱ्या, मोठ्या दोरावरून उतरली आणि दोर तसाच लोंबता ठेवला. मग वाळूच्या पात्रातून, कुठे धावत कुठे पडत, ट्रकपर्यंत. वाटेतल्या पहिल्या रँचवर, गुरांच्या मळ्यावर, फोन होता. तिला नीट बोलता येत नव्हतं. रँचवाल्या म्हाताऱ्या अर्डिसने फोन तिच्या हातातून घेतला आणि जागा सांगितली.

बचावाची मंडळी मिरवणुकीतून तशीच आली होती. टायरच्या दुकानाचा वेल्डन त्यांचा म्होरक्या. त्याच्या अंगावर अजून मिरवणुकीसाठी घातलेला, खांद्यावर गॅलिसचे पट्टे असलेला जुन्या काळचा पोशाख होता. शेवटच्या कड्याखाली उभं राहून त्याने वर बघितलं. ढग आता दिसत होते, काळे, पठारावर टेकलेले.

“थांबावं लागेल,” तो म्हणाला. “माझी सहा माणसं मी आत्ता आत घालू शकत नाही, नेड्रा.”

“माहीत आहे.”

“तू ट्रकमध्ये बस.”

ती बसली नाही. तिला एक गोष्ट कळत होती जी त्यांनाही कळत होती. या कड्यावरून पाणी पडायला लागलं, म्हणजे रांजण भरून वाहिला, आणि रांजण भरून वाहिला म्हणजे कॉर्विन गेला. म्हणून ती त्या कड्याच्या कोरड्या ओठाकडे बघत उभी राहिली. खडक काळपट दिसला की तिला ओल वाटायची. कोणीतरी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, ती तिने न पिता धरून ठेवली. घळीतून ओल्या मातीचा वास आला तेव्हा वेल्डनने टोपी काढली.

पण ओठ कोरडाच राहिला. वास गेला, ढग पूर्वेला सरकले, आणि बऱ्याच वेळाने वेल्डन म्हणाला, “चला.” ते तिच्याच दोरावरून वर चढले.

पाणी आलं होतं. तांबडं, थंड, फांद्या घेऊन आलेलं. ते कॉर्विनच्या हनुवटीपर्यंत चढून थांबलं होतं. दोराने त्याला भिंतीशी ताठ धरलं होतं म्हणून तोंड वर होतं. आणखी वीतभर पाणी आलं असतं, तर त्याच दोराने त्याला खाली धरलं असतं. वेल्डन जवळ पोचला तेव्हा कॉर्विनने डोळे उघडले आणि म्हणाला, “नेड्राला सांगा, फार घट्ट बांधलंय.”

तो वाचला, पण पहिल्यासारखा झाला नाही. जीभ जड झाली, तोल जायला लागला, आता काठी घेऊन चालतो. नेड्रा त्याला रोज रात्रीचं जेवण नेऊन देते आणि तो बटाट्यात चीज कमी आहे म्हणून कुरकुरतो.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये लोक उठून आपले अनुभव सांगतात. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, बिशपनेही मान हलवली, तेव्हा ती उठली.

“लोक म्हणतात मी विचार करून बांधलं,” ती म्हणाली. “मी विचार केला नाही. मी घाबरले होते, आणि हात गाठ मारून मोकळे झाले. गाठ चुकीची ठरली असती तर आज तुम्ही मला इथे उभं केलं नसतं.”

बोलून ती खाली बसली. मागून कॉर्विन, जड जिभेने, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “गाठी तिला मीच शिकवल्यात.”

ती पुन्हा घळीत उतरली नाही. कोणी बोलावलं तर सरळ सांगते, भीती वाटते. शाळा सुरू झाली, बस सुरू झाली. वाटेत एक कोरडा ओढा रस्ता ओलांडून जातो. पठारावर ढग दिसले की नेड्रा ओढ्याच्या अलीकडे बस उभी करते आणि इंजिन बंद करते. पोरं मागून ओरडतात, वाळू कोरडी आहे, भूक लागलीय, पलीकडच्या घराचं छप्परसुद्धा दिसतंय. ती त्यांना ओरडू देते. दोन्ही हात चाकावर ठेवून ओढ्याच्या वरच्या अंगाला बघत बसते, आणि आता पाणी येणार नाही असं तिला स्वतःला वाटेपर्यंत बस हलत नाही.